सर, आता पुढं काय?

चित्रकलेचे_सर
नमस्कार मंडळी. माझं वय 72. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली, 2011 ला निवृत्त झालो. गेला महिनाभर एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. वय 28. बरोबर त्याची आई होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग ती माउली कप तसाच हातात धरून म्हणाली, "सर, हा आठवीत असताना तुम्हीच म्हणालावता, ह्याच्या हातात कला आहे, ह्याला चित्रकलेलाच घाला. घातलं. आता तुम्हीच सांगा, पुढं काय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखरच विचारत होती, जसं डॉक्टरला विचारतात तसं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोरानं फाउंडेशन धरून पाच वर्षं पेंटिंगचा डिप्लोमा केला. घरची दीड एकर जमीन, वडील हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, म्हणून जातात. त्यानं चित्रांची पिशवी उघडली. त्यातलं एक चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. अर्धा इंपिरियल कागद, पारदर्शक जलरंग. पहाटेचं गुऱ्हाळघर, चुलवाणाचा लाल उजेड खालून, काहिलीतून वाफ उठतेय, आणि वाफेच्या पलीकडे गुळव्या. गुळव्या म्हणजे फक्त एक खांदा आणि ढवळायचा दांडा धरलेला हात. बाकी सगळं वाफेत गेलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जलरंगात पांढरं लावत नाहीत, कागद सोडतात. ती वाफ म्हणजे कोरा कागद. कागद ओला असतानाच ठरवावं लागतं की वाफ कुठे सुरू होणार, कुठे विरणार. रंग एकदा आत शिरला की परत पांढरं मिळत नाही. मी पस्तीस वर्षं शिकवलं, पण अशी वाफ मला सोडता आली नाही. तो त्या वाफेत लहानाचा मोठा झाला, म्हणून त्याला जमलं.

हे चित्र कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात लागलं होतं. तिघा मित्रांनी मिळून भाडं भरून प्रदर्शन केलं होतं. किंमत 4000 लावली होती. एक गृहस्थ दोनदा येऊन बघून गेले आणि शेवटच्या दिवशी म्हणाले, फ्रेमसकट पंधराशेला देतोस का? नुसत्या फ्रेमचेच 900 गेले होते. पोरानं नाही म्हटलं आणि चित्र परत घरी आणलं. त्याआधी एका प्रकाशकासाठी लहान मुलांच्या पुस्तकाची 32 चित्रं केली. चित्राला 500 ठरले होते. वर्ष झालं, निम्मे पैसे आले. उरलेल्यांचं विचारलं की म्हणतात, पुढच्या पुस्तकात बघू.

मंडळी, मला काय वाटतं ते सांगतो. कलेत भरवसा आमच्या वेळीही नव्हता. पण कलेला लागून दुसरी कामं होती. मी ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करत होतो तेव्हा सुट्टीत एका पेंटरच्या हाताखाली जायचो. पत्रा घासायचा, प्रायमर मारायचा, वाळवायचा. सुताला खडूची पूड लावून दोन टोकं धरायची आणि मधे फटका मारायचा, की सरळ रेघ उमटायची. त्या दोन रेघांत अक्षर बसवायचं. खारीच्या केसांचा ब्रश, इनॅमल रंग, मनगटाखाली आडवी काठी. पहिले सहा महिने मला फक्त शेड भरायला दिली. पण दिवसाचे पैसे संध्याकाळी हातात. थिएटरचे बॅनर, गॅदरिंगचे पडदे, गणपतीची मखरं, निवडणुकीच्या भिंती, दुकानांच्या पाट्या. दिवाळी अंकांत चित्रं, मुखपृष्ठं. कॅलेंडरं. यातलं काहीच 'थोर कला' नव्हतं, पण रंगाचा वास हातावरून जायचा नाही आणि घरात पीठ यायचं.

आमच्या कोल्हापूरला कलानगरी म्हणतात. त्या कलानगरीचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवून मोठे झाले. त्यातूनच पुढे स्वतः कॅमेरा बनवला, चित्रपट कंपनी काढली, आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. के. एच. आरा तर लोकांच्या घरी काम करायचे, गाड्या धुवायचे, आणि त्याच हातांनी फुलं रंगवायचे. गोव्याचे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, यांची चित्रं दिवाळी अंकांतून आणि कॅलेंडरांतून घराघरांत गेली.

आज ही लागून असलेली कामं एकेक करून गेली. पाट्या फ्लेक्सनं नेल्या, बॅनर फ्लेक्सनं नेले, आणि आता पुस्तकातली चित्रंही कॉम्प्युटर काढायला लागलाय म्हणतात. शाळेत चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाला की जागा भरली जात नाही. माझी जागाही भरली नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. अंशकालीन! पोराला घर चालवायचंय पूर्णवेळ.

मी त्या आईला काय सांगायला हवं होतं? तुम्ही काय सांगितलं असतं?

आई_इचलकरंजी
सर, तुमचा धागा दोनदा वाचला. माझी मुलगी बारावीला आहे. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्हीला ए श्रेणी. दहावीला इंटरमिजिएटचे 7 गुण मिळाले तेव्हा घरात पेढे वाटले. आणि आता तीच म्हणते मला कला सीईटी, म्हणजे कला महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जायचंय, तर घरात सुतक असल्यासारखं झालंय. गुणांसाठी चित्रकला चालते आणि जगण्यासाठी चालत नाही, हे मुलीला कसं समजावू? मलाच ते पटत नाही.

मिस्टर यंत्रमागावर जॉबर आहेत. मुंबईचं वसतिगृह, रंग, कागद, सगळं मोजलं. चार वर्षं कशीबशी निघतील. पण चार वर्षांनंतर ती मुलगी अशीच कुणा सरांच्या दारात उभी राहिली तर? उपयोजित कला घेतली तर नोकरी मिळते म्हणतात, खरं आहे का? कुणी त्यातलं असेल तर सांगा.

बँकेतला_माणूस
सर, आदर राखून बोलतो. मी 34 वर्षं बँकेत काढली. कॉलेजात असताना मीही चित्रं काढायचो. वडिलांनी सांगितलं, पोटाचं आधी बघ, मग काय ते कर. मी बघितलं. दोन मुलांचं शिक्षण झालं, घर झालं. रविवारी आजही स्केचबुक घेऊन बसतो. काही गमावलं असं वाटत नाही. या पोरांना हेच सांगायला हवं की नोकरी करा आणि कला छंद म्हणून जोपासा. खोटी आशा दाखवणं हे पाप आहे.

शाई_आणि_पाणी
मी 28, पुण्यात असते, चित्रं काढून जगते. पुस्तकं, मासिकं, पॅकेजिंग, जे मिळेल ते. त्यामुळे ज्यांच्याबद्दल हा धागा आहे त्यांच्यातली एक म्हणून लिहिते.

सर, गुऱ्हाळाचं वाचून गलबलून आलं. पण एक सांगू का? जुन्या दिवसांचं तुम्ही जे लिहिलंत त्यात एकही मुलगी नाही. शिडीवर चढून थिएटरचं बॅनर रंगवणारी, पेंटरच्या हाताखाली राहून संध्याकाळी रोजचे पैसे घेणारी मुलगी तुम्ही तेव्हा पाहिलीत का? माझ्या आजीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिनं आयुष्यभर रांगोळ्या काढल्या आणि मुलांचे प्रयोगवहीतले हृदयाचे आणि बेडकाचे आकार काढून दिले. माझ्यासाठी आजचे दिवस वाईट आहेत, पण आजीच्या दिवसांपेक्षा बरेच आहेत. मी घरी बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करते, कुणाची परवानगी लागत नाही.

आता वाईट काय ते. गेल्या वर्षभरात तीनदा असं झालं. क्लायंटनं फोन केला, "मॅडम, चित्र तयार आहे, तुम्ही फक्त हात फिरवून द्या." तयार म्हणजे एआयनं काढलेलं. एकात आजीबाई जात्यावर दळतायत आणि जात्याला खुंटाच नाही. दुसऱ्यात नऊवारीचा काष्टा पुढून आत जातोय आणि मागून बाहेरच येत नाही. मी ते दुरुस्त करायचं आणि त्याचे पैसे किती? माझ्या दराच्या चौथा हिस्सा. कारण चित्र तर 'तयारच' होतं. एकदा केलं, भाडं द्यायचं होतं म्हणून. नंतर दोनदा नाही म्हणाले.

बँकेतल्या काकांना एकच विचारते. पगार चालू असताना रविवारी चित्र काढता, छान आहे. पण तुमच्या हातून चित्र बिघडलं तर सोमवारी काय फरक पडतो? माझं चित्र बिघडलं तर मला महिनाअखेरीला कळतं. त्या दबावानं हात सुधारतो, हे मी स्वतःच्या हातावर पाहिलंय. छंद आणि व्यवसाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच्या जागी दुसरी ठेवून चालत नाही.

आई_इचलकरंजी, उपयोजित कलेतून नोकरी लवकर लागते हे खरं आहे. जाहिरात, डिझाइन, अॅनिमेशन, गेम. पण एआयचा फटकाही आधी तिथेच बसतोय. मुलीला काय आवडतं ते पाहा. आणि ती चार वर्षं कुणाबरोबर बसून काम करणार, ते सगळ्यात महत्त्वाचं. मला आजही अर्धी कामं वर्गमित्रांकडून येतात.

पेंटरचा_मुलगा
सर, सूत मारायचं वर्णन वाचलं आणि अंगावर काटा आला. मी सांगलीचा. वडील पेंटर. आमच्या घराच्या भिंतीला खडूच्या पुडीचा निळा डाग अजून आहे.

आमच्याकडे फ्लेक्स आला तेव्हा मी कॉलेजात होतो. वडिलांना एका दवाखान्याची पाटी रंगवायला तीन दिवस लागायचे. फ्लेक्सवाला ती तासाभरात द्यायचा आणि वर डॉक्टरांचा फोटो. पहिल्या वर्षी वडील म्हणाले, उन्हात फाटेल, लोक परत येतील. फ्लेक्स फाटायचे, लोक दुसरा फ्लेक्स लावायचे. तिसऱ्या वर्षी मी वडिलांना न सांगता मशीनसाठी कर्ज काढलं. दुकान त्याच जागेवर, नाव तेच, वडिलांचंच. त्यांनी महिनाभर दुकानात पाऊल ठेवलं नाही. मग एके दिवशी आले, मशीनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षरांत अंतर चुकलंय." खरंच चुकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक मोठं काम छापायच्या आधी त्यांना दाखवतो.

मी कलाकार राहिलो नाही, धंदेवाला झालो. पोट भरलं. पण रात्री शटर ओढताना वडिलांचे ब्रश दिसतात, तेलात बुडवून ठेवलेले. ते अजून दर पंधरा दिवसांनी तेल बदलतात. 76 वय आहे.

काळा_कोट
वकिली करतो, थोडं कामाचं लिहितो. सरांच्या विद्यार्थ्याची 32 चित्रं आणि निम्मे पैसे, हे वाचून राहवलं नाही.

पोरांनो, कागद करा. प्रताधिकार कायदा 1957 चं कलम 17 असं सांगतं की पैसे देऊन कुणी तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि उलट काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर हक्क गेला. कामाआधी साध्या ईमेलवर चार ओळी लिहून समोरच्याकडून होकार घ्या की प्रताधिकार माझा, तुम्हाला या पुस्तकापुरता वापर. हक्क हस्तांतरित करायचाच तर कलम 19 प्रमाणे तो लेखीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

आणि हक्क विकला तरी कलम 57 चा हक्क उरतो. चित्रावर तुमचं नाव असण्याचा, आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड होऊ न देण्याचा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं काढून गोदामात टाकलं होतं. ते कोर्टात गेले आणि 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले, वर 5 लाख भरपाई. सरकारविरुद्ध.

पैशांसाठी आणखी एक. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट आहे, चित्रकारालाही सेवा उद्योग म्हणून करता येते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की समोरच्याची भाषा बदलते, हे मी स्वतः दोन-तीनदा पाहिलं आहे.

शाई_आणि_पाणी
@काळा_कोट, हे कॉलेजच्या चार वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. एकदाही नाही. छायाप्रकाश शिकवला, बिल कसं करायचं ते नाही.

चित्रकलेचे_सर
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण नुसतं आभार मानून भागणार नव्हतं.

@शाई_आणि_पाणी, बाळ, तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी आठवून पाहिलं. आमच्या पेंटरकडे सहा जण होतो, सहाही मुलगे. माझ्या वर्गात सगळ्यात चांगला हात असलेल्या मुली असायच्या. इंटरमिजिएट झाली की त्यांची चित्रवही बंद. एकीच्या लग्नात गेलो होतो, मांडवातल्या कनातीवर तिनं स्वतः वेलबुट्टी काढली होती. तिचा सासरा मला कौतुकानं म्हणाला, "मुलगी गुणाची आहे, पैसे वाचवले." मीही तेव्हा हसलो. आज ते आठवून वाईट वाटतं.

@बँकेतला_माणूस साहेब, तुमचा अनुभव खरा आहे, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण माझाही ऐका. मला तर कलेतलीच नोकरी मिळाली होती. पगार, पेन्शन, चित्रकलेचा तास. 1976 ला लागलो तेव्हा ठरवलं होतं, रोज संध्याकाळी रंकाळ्यावर नाही तर पंचगंगेच्या घाटावर बसायचं. पहिली दोन वर्षं बसलो. मग परीक्षेचं काम, जनगणना, निवडणूक, मुलांचे वाढदिवस. 1980 नंतर मी बावीस वर्षं स्वतःचं एकही चित्र काढलं नाही. बावीस. फळ्यावर रोज काढत होतो, सफरचंद, पेला, वस्त्राची चुणी, आणि तास संपला की डस्टरनं पुसत होतो. कुणी अडवलं नव्हतं. पगार चालू होता म्हणून चित्राची गरजच उरली नाही. तेव्हा नोकरी कर आणि छंद जोपास हे मी कुणाला डोळे झाकून सांगू शकत नाही. काहींना ते जमतं. मला जमलं नाही.

पण सगळ्या नोकऱ्या सारख्या नसतात, हे मला आता कळतंय. चित्रकार प्रभाकर बरवे वीसेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. हातमागाच्या कापडासाठी नक्ष्या करायच्या, रंग बघायचे, विणकरांबरोबर बसायचं. अकोल्याकडचे चित्रकार अंबादासही अशाच केंद्रात होते. सरकारनं चित्रकारांवर उपकार म्हणून ती नोकरी काढली नव्हती. हातमागाला नक्षी हवी होती आणि यांना पगार हवा होता. दिवसभर हात त्याच वस्तूंत राहायचा, संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हासकडे जाताना गाव बदलावं लागायचं नाही. अशी कामं आज कोण काढतंय?

सरकारच्या योजना मी पाहिल्या. ज्येष्ठ कलावंतांना राज्याचं महिना 5000 मानधन आहे, पन्नाशीनंतर. चांगली गोष्ट आहे, आमच्या गावच्या सोंगाड्याला मिळतं आणि त्याचं औषध त्यावर चालतं. 18 ते 25 वयाच्या तरुणांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तीही महिना 5000, दोन वर्षं. पण साऱ्या देशात, गाणं, नाच, नाटक, चित्र सगळं धरून चारशे मुलांना. पंचवीस ते पन्नास या मधल्या वर्षांत माणूस घडतो किंवा मोडतो, आणि त्या वर्षांत कुणी विचारत नाही.

आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान आठवतात. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी तळ्याची, आभाळाची अशी निसर्गचित्रं केली की आजही बघणाऱ्याचा श्वास अडकतो. 1922 ला महाराज गेले आणि आबालालांचा आधार गेला. 1931 ला तेही गेले. त्यांची कितीतरी चित्रं आज उरलेली नाहीत. आम्ही मुलांना तळ्याकाठी नेऊन सांगायचो, इथं आबालाल बसायचे. ते एका माणसाच्या आश्रयावर जगत होते आणि तो गेल्यावर गाव पुढं आलं नाही, हे मात्र सांगितलं नाही. आता राजा नाही. मग चार हजारांचं चित्र पंधराशेला मागणारा तो गृहस्थ आणि तुम्ही-आम्ही, एवढेच उरतो. मी स्वतः आयुष्यात विद्यार्थ्यांची किती चित्रं विकत घेतली? मोजलं. एक. पाठ थोपटली हजार वेळा.

बँकेतला_माणूस
सर, बावीस वर्षांचं वाचून मी माझी स्केचबुकं काढली. शेवटची तारीख 2019 ची निघाली. मी 'दर रविवारी' असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. मला वाटत होतं ते खरं आहे.

ते गुऱ्हाळाचं चित्र अजून आहे का? असेल तर 4000 ला मी घेतो. फ्रेमचे वेगळे. पोराला उपकार वाटायला नको, मला खरंच हवंय. माझे आजोळ पन्हाळ्याच्या पायथ्याला, पहाटे गुऱ्हाळावर कढता रस प्यायला जायचो.

पेंटरचा_मुलगा
सर, मीही एक विचारतो. हल्ली माझ्याकडे हॉटेलवाले, कॅफेवाले येतात आणि म्हणतात, जुनी हातानं रंगवलेली पाटी पाहिजे. लाकडावर, खऱ्या रंगात. महिन्याला तीन-चार विचारणा होतात आणि मी परत पाठवतो, कारण वडिलांच्याच्यानं शिडी होत नाही आणि मला ते येत नाही. एका पाटीला लोक आठ-दहा हजार द्यायला तयार असतात. तुमच्या पोराला अक्षर शिकायचं असेल तर सांगली लांब नाही. वडिलांना मी अजून विचारलेलं नाही, पण ते नाही म्हणणार नाहीत. यावर त्याचं आयुष्य निघेल असं मी म्हणत नाही. महिन्याला दोन पाट्या मिळाल्या तरी रंग-कागदाचा खर्च सुटेल.

आई_इचलकरंजी
मुलीला हा सगळा धागा वाचायला दिला. तिनं वाचून फक्त एवढंच विचारलं, "उद्यम नोंदणी अठराव्या वर्षी करता येते का?" फॉर्म भरलाय कला सीईटीचा. मिस्टर अजून बोलत नाहीत, पण काल घरी येताना ड्रॉइंग बोर्डची किंमत विचारून आले.

काळा_कोट
@आई_इचलकरंजी, अठरा पूर्ण झाले की करता येते. आधार आणि पॅन लागेल. अडलं तर इथेच विचारा.

चित्रकलेचे_सर
काल त्यांच्या घरी जाऊन आलो. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती.

आधी त्या माउलीला सांगितलं की वहिनी, तुम्ही विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं आणि आजही पुरतं नाही. मी आठवीतल्या पोराचा हात पाहिला होता, पुढची वीस वर्षं पाहिली नव्हती. ती सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, माझी चूक झाली. ती म्हणाली, "सर, चूक कशाची? त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. मला फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं."

प्रकाशकाला पोरानं रीतसर बिल पाठवलंय, तारखेसकट. ते काम झालं तेव्हा उद्यम नोंदणी नव्हती, त्यामुळे व्याज मागता येणार नाही हे वकीलसाहेबांनी खासगीत समजावलं. नोंदणी आता केली.

@बँकेतला_माणूस साहेब, तुमचा निरोप सांगितला. पोराला आनंद झाला, पण चित्र मिळणार नाही. आई नको म्हणाली. त्या चित्रातला तो खांदा त्याच्या वडिलांचा आहे. ती म्हणाली, "मालक आयुष्यभर दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर राबले, त्यांचा एक फोटोसुद्धा नाही कामावरचा. हे घरात राहू दे." भिंतीवर खिळा मारलेला होता. त्याच पहाटेचं दुसरं एक आहे, उसाच्या मोळ्या आणि बैल, त्यात वाफ नाही पण उजेड तोच. ते 3500 ला आहे. चालत असेल तर दोन प्लायवुडच्या मध्ये बांधून पाठवतो.

@पेंटरचा_मुलगा, तो रविवारी सांगलीला येऊन गेला, तुम्ही पाहिलंच. मला संध्याकाळी फोन आला. म्हणाला, "सर, आजोबांनी रंगाला हात लावू दिला नाही. दिवसभर खडूनं पाटीवर 'अ' काढून घेतला. चाळिसाव्याला म्हणाले, पोट बरं आलंय, आता कान्याकडं बघ. पुढच्या रविवारी परत बोलावलंय."